‘भारत एक खोज’: आधी कानांनी बघायची मालिका

टीव्हीवर मालिका लावली की कोपऱ्यात ‘स्किप इंट्रो’ येतं आणि अंगठा आपसूक तिकडं जातो. ‘भारत एक खोज’ यूट्यूबवर बघणारेही दहा-दहा सेकंद पुढं ढकलत थेट गोष्टीवर येतात. ही मालिका पहिल्यांदा बघणाऱ्यानं निदान पहिले चार-पाच भाग तरी तसं करू नये. नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’वरून श्याम बेनेगल यांनी दूरदर्शनसाठी ५३ भागांत भारताचा इतिहास मांडताना जी भूमिका घेतली, ती वनराज भाटिया यांच्या शीर्षकसंगीतात सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्ट ऐकू येते. ते कानात बसलं की एकाच नटानं तीन-तीन राजे साकारणं, गोष्टीच्या मध्येच नेहरूंनी येऊन बोलणं, लोककलांची सरमिसळ या गोष्टी खटकत नाहीत. नाहीतर तिसऱ्या भागातच ‘फार संथ आहे बुवा’ म्हणून माणूस सोडून देतो.

शीर्षकाला घेतलं आहे ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त, नासदीय सूक्त. सात ऋचा, त्रिष्टुभ छंद, म्हणजे अकरा अक्षरांचा एक असे चार चरण. सृष्टीच्या आधी काय होतं, हा त्याचा विषय. सत् (जे आहे ते) नव्हतं, असत् (जे नाही ते) नव्हतं, मृत्यू नव्हता, अमरत्वही नव्हतं, असं म्हणत म्हणत ते शेवटच्या ऋचेत जिथं पोचतं ती जागा विलक्षण आहे: हे सगळं कुठून आलं ते परम आकाशातल्या अध्यक्षालाच ठाऊक असेल, ‘यदि वा न वेद’, किंवा त्यालाही ठाऊक नसेल. इतिहासावरच्या सरकारी मालिकेनं दर आठवड्याला ही शंका गाऊन सुरुवात करावी, ही निवडच थोर आहे.

तिचं वेगळेपण त्याच वर्षीच्या दुसऱ्या मालिकेशेजारी ठेवलं की नीट कळतं. बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं आणि ‘भारत एक खोज’ १४ नोव्हेंबरला, नेहरूंच्या जयंतीला. ‘महाभारता’त महेंद्र कपूर यांचा खडा आवाज आणि हरीश भिमानींच्या आवाजातला ‘समय’, ज्याला मागचं-पुढचं सगळं माहीत आहे. चोप्रांच्या ९४ भागांच्या गोष्टीला तोच निवेदक हवा होता. बेनेगल मात्र सर्वज्ञ निवेदक घेतच नाहीत. नाव ‘खोज’ आहे आणि संगीतही शोधणाऱ्याचंच आहे.

आता प्रत्यक्ष ऐकताना काय ऐकायचं. आधी मूळ संस्कृत ऋचा येतात. वेदपठणात उदात्त, अनुदात्त आणि स्वरित एवढ्यावरच सगळा खेळ असतो. गाण्यासारखी चाल फिरवायला तिथं वावच नाही. त्या आटोपशीर स्वरांची एक गंभीर तंद्री लागते. मग ‘सृष्टि से पहले सत् नहीं था’ असं हिंदी सुरू होतं आणि तोच अर्थ चालीत येतो. हे वळण दोन-तीनदा नुसतं ऐका. संस्कृत कळत नसलं तरी त्यात काहीतरी मोठं विचारलं जातंय एवढं पोचतं. हिंदी सुरू झाल्यावर काय विचारलं जातंय ते कळतं. आणि दोन्हीकडं समूह आहे. कुणा एका गायकाचं गाणं होऊ दिलेलं नाही, आणि ते फार महत्त्वाचं आहे. एकट्याच्या आवाजात हीच शंका वैयक्तिक वाटली असती. अनेक जण मिळून ‘माहीत नाही’ म्हणतात तेव्हा ती एका समाजाची शंका होते.

हिंदी शब्द वसंत देव यांचे. मराठी वाचकांना हे नाव माहीत असायला हवं. ‘घाशीराम कोतवाल’ हिंदीत नेलं ते त्यांनीच, आणि ‘सारांश’च्या गीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. वेदातली ऋचा हिंदीत आणताना बहुतेक जण ती सजवतात, ‘हे प्रभो’च्या वळणावर नेतात. देवांनी तसं काही केलं नाही. छोटी वाक्यं, नकारांची मालिका, आणि प्रश्न जिथल्या तिथं. नाटकाचे संवाद लिहिणाऱ्याचा कान त्यात दिसतो, कारण प्रत्येक ओळ तोंडात सहज बसते.

भाग संपला तरी लगेच बंद करू नका. शेवटी येतं ते हिरण्यगर्भ सूक्त, त्याच मंडलातलं १२१वं. दहा ऋचा, आणि त्यातल्या नऊ ऋचांच्या शेवटी एकच पालुपद: ‘कस्मै देवाय हविषा विधेम’, कोणत्या देवाला आम्ही हवी द्यावा? म्हणजे तासाभराचा भाग एका शंकेनं उघडतो आणि एका प्रश्नानं मिटतो. ऑटोप्ले चालू असेल तर पुढचा भाग अंगावर येऊन हा शेवट कापला जातो. ऑटोप्ले बंद ठेवा.

वनराज भाटियांनी हे कसं जमवलं, याचं उत्तर त्यांच्या तालमीत आहे. लंडनची रॉयल अकॅडमी, मग पॅरिसला नादिया बुलांजे या नामवंत संगीतशिक्षिकेकडं शिक्षण, परत आल्यावर दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीताचं अध्यापन, आणि पोटापाण्यासाठी जाहिरातींच्या जिंगल. ‘लिरिल’ची ती धून त्यांचीच. जिंगल करणाऱ्याला काही सेकंदांत माणूस थांबवायची सवय असते आणि बुलांजेंच्या शिष्याला अनेक आवाज एकमेकांवर कसे रचायचे ते ठाऊक असतं. ‘अंकुर’पासून ते बेनेगलांचे संगीतकार, टीव्हीवर ‘खानदान’, ‘यात्रा’ आणि ‘तमस’. ‘तमस’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता, पण ज्या एका कामावरून त्यांना ओळखावं ते हेच.

आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांच्या शीर्षकगीतांशी तुलना करून पाहा. ‘आभाळमाया’ किंवा ‘वादळवाट’: मंगेश कुळकर्णींचे शब्द, अशोक पत्कींची चाल, देवकी पंडित यांचा आवाज. ती गाणी अप्रतिम आहेत आणि त्यांचं काम वेगळं आहे. एकच जिव्हाळ्याचा आवाज, मिनिट-दीड मिनिटात मनात घर करणारी चाल, आणि स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या माणसाला ‘सुरू झालं गं’ हे कळवणं. रोज भेटणाऱ्या कुटुंबाला तसाच आवाज लागतो. ‘भारत एक खोज’ला कुटुंब नाही, नायक नाही, पुढच्या भागात बहुतेक वेळा नवंच शतक असतं. तिथं कुणाचाही एकट्याचा नसलेला आवाज हवा होता. शीर्षकगीत मालिकेच्या घडणीतून यावं लागतं. ते चांगलं किंवा वाईट ठरवायची माझ्या लेखी हीच कसोटी आहे आणि ही तिन्ही त्यात उतरतात.

प्रत्यक्ष भागांत पार्श्वसंगीत कमी आहे. हल्लीच्या मालिकांत कुणी दार उघडलं तरी तीनदा ‘धाड’ वाजतं. इथं लांबच्या लांब संवाद नुसते, पायांच्या आवाजासकट येतात. संगीत जिथं येतं तिथं बहुतेकदा पडद्यावर गाणारं-वाजवणारं माणूसही असतं. सगळ्यात ठळक उदाहरण महाभारतावरच्या दोन भागांतलं. तिथं तीजनबाईंची पंडवानी आहे, म्हणजे महाभारताची गोष्ट गाऊन सांगण्याची लोककला. छत्तीसगडच्या या कलेत बायकांनी बसून गायची रीत होती, तिला वेदमती म्हणतात. तीजनबाई उभ्या राहून, अंगानं सगळं करत, कापालिक शैलीत गातात. त्यांच्या हातातल्या तंबुऱ्याकडं लक्ष ठेवा. तो घडीत साथीचं वाद्य असतो, घडीत भीमाची गदा, घडीत धनुष्य. मागं बसलेला ‘रागी’ मध्येच हुंकार देतो, प्रश्न विचारतो. आपल्या पोवाड्यातला झीलकरी ‘जी जी रं जी’ करतो त्याचीच ही थोडी जास्त बोलकी जात. भव्य रथ आणि सैन्य उभं करण्यापेक्षा एक बाई आणि एक तंबुरा ही निवड कितीतरी पटीनं जास्त महाभारत दाखवते.

आता नट. ओम पुरी या मालिकेचा कणा आहेत. निवेदन त्यांचं, शिवाय सम्राट अशोक तेच आणि औरंगजेबही तेच. त्यांच्या आवाजाला खालच्या पट्टीत एक खर आहे, बारीक वाळू चाळल्यासारखी, आणि वाक्याच्या शेवटी ते आवाज पाडत नाहीत. निवेदकाची ही फार मोठी शिस्त. वाक्य संपताना आवाज पडला की ऐकणाऱ्याचं लक्ष सुटतं, आणि इथं तर वाक्यावाक्याला सनावळ्या आणि नावं आहेत. त्यांचा औरंगजेब बघताना हात बघा. क्रूर बादशहा म्हणून डोळे वटारणं सोपं होतं. त्यांनी हालचाल कमी केली आहे. स्वतःवर सतत पहारा ठेवणारा माणूस दिसतो, आणि तो जास्त भीतिदायक आहे.

औरंगजेबावरचे दोन भाग आधी येतात आणि लगेच शिवाजी महाराजांवरचे दोन. हे चारही सलग बघा. महाराजांच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह आहेत. त्याच वर्षी ते दूरदर्शनवर गालिबही झाले होते, हे लक्षात घेतलं की कामाचा पल्ला कळतो. मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यासमोर महाराजांची एक ठरलेली प्रतिमा असते: चढा आवाज, ताठ मान, प्रत्येक वाक्य शिलालेखासारखं. इथले महाराज विचार करताना दिसतात. समोरच्याचं ऐकून घेतात, थांबतात, मग बोलतात. ज्यांना आवेश हवा आहे त्यांना ही भूमिका थंड वाटेल आणि ती तक्रार समजण्यासारखी आहे. पण राज्य उभं करणाऱ्या माणसाची हिशेबी बुद्धी इतक्या स्वच्छपणे पडद्यावर क्वचितच आली आहे. मला ती आवेशापेक्षा मोलाची वाटते.

महात्मा फुल्यांच्या भागात सदाशिव अमरापूरकर आहेत. ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी आणि ‘सडक’मधली महाराणी एवढ्यावरच त्यांना ओळखणाऱ्यांनी हा भाग आवर्जून बघावा. योगायोग असा, की अमरापूरकर नगरचे, आणि ज्या पुस्तकावर ही सगळी मालिका उभी आहे ते ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ नेहरूंनी १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर अशा पाच महिन्यांत नगरच्याच किल्ल्यात, कैदेत असताना लिहिलं.

बाकीच्यांत सलीम घौस कृष्ण, राम आणि टिपू सुलतान अशा तीन टोकांच्या भूमिकांत आहेत आणि तिन्हींत अंगकाठीपासून वेगळे दिसतात. कुलभूषण खरबंदा यांचा अकबर ऐसपैस, आपल्याच विचारांत रमणारा. तरुण इरफान खान लहान भूमिकांत भेटतात; त्यांना ओळखायचं असेल तर गर्दीतही न हलणारे डोळे शोधा. नेहरू झाले आहेत रोशन सेठ, ज्यांनी ॲटनबरोंच्या ‘गांधी’मध्येही तीच भूमिका केली होती. त्यांचं बोलणं सावकाश, मनाशी पडताळून बघितल्यासारखं आहे. पहिल्या दोन-तीन भागांत हे मधलं बोलणं लांब वाटतं; तिथं सोडून देऊ नका, पुढं ते आखूड होत जातं आणि दोन काळांमधला पूल म्हणून उपयोगी पडतं.

एकच नट अनेक भूमिकांत का, हा नव्या प्रेक्षकाचा नेहमीचा गोंधळ. नाटक कंपनीसारखा ठरावीक संच घेऊन बेनेगलांनी काम केलं. त्यात पैशांचा हिशेब असणारच, पण परिणाम चांगला झाला: अशोकाचा पश्चात्ताप आणि औरंगजेबाचा हट्ट एकाच चेहऱ्यावर बघताना सत्तेबद्दल काहीतरी आपोआप जुळत जातं. गोंधळ टाळायचा असेल तर एका बैठकीत दोन वेगळ्या कालखंडांचे भाग बघू नका.

उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. लढाया कमजोर आहेत. माणसं मोजता येतात. काही दाढ्या आणि टोप स्पष्ट चिकटवलेले दिसतात, विशेषतः जवळून घेतलेल्या दृश्यांत. प्राचीन काळावरच्या भागांतली हिंदी इतकी संस्कृतनिष्ठ आहे की उत्तरेतलाही माणूस अडखळेल. मराठी प्रेक्षकाला उलट ती सोपी जाते, कारण ‘तत्सम’ शब्द आपल्या रोजच्या लिहिण्यात असतात. मध्ययुगावरच्या भागांत फारसी शब्द वाढतात, तिथं आपली दमछाक होते. आणि काही भागांत इतका मजकूर कोंबला आहे की नाट्य मागं पडून व्याख्यान उरतं. राष्ट्रीय चळवळीच्या शेवटच्या भागांत हे सगळ्यात जास्त जाणवतं.

प्रसार भारतीनं हे भाग यूट्यूबवर ठेवले आहेत, त्यामुळे पैसे लागत नाहीत. पण नव्या टीव्हीवर ते जसेच्या तसे लावले तर चित्र आणि आवाज दोन्हींची वाट लागते, म्हणून थोडी जुळवाजुळव आधीच करून घ्या.

चित्र मूळ ४:३ मापाचं आहे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात. त्या नकोत म्हणून ‘फुल’ किंवा ‘स्ट्रेच’ केलं तर सगळं एक तृतीयांशानं रुंद होतं आणि रोशन सेठ यांचा उभट चेहरा भाकरीसारखा दिसतो. ‘झूम’ केलं तर वरून-खालून पाव चित्र कापलं जातं. डोक्यावरचे मुकुट आणि खालची इंग्रजी अक्षरं जातात. पट्ट्या ठेवल्यावर ४३ इंची टीव्हीवर प्रत्यक्ष चित्र साधारण ३५ इंची उरतं आणि ५५ इंचीवर ४५, तेव्हा खुर्ची थोडी पुढं ओढा. ‘शार्पनेस’ अगदी कमी करा, कारण जुन्या चित्राला धार काढली की कडांना पांढरी रेघ आणि अंधारात मुंग्या दिसतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय (कंपनीगणिक नाव वेगळं, पण ‘मोशन’ हा शब्द असतो) बंद करा. ती चालू असली की सगळी दरबारी दृश्यं कालच स्टुडिओत उरकल्यासारखी दिसतात.

आवाज मोनो, म्हणजे एकपदरी आहे, आणि सगळ्यात जास्त चूक इथंच होते. साउंडबारवर ‘सराउंड’ किंवा ‘मूव्ही’ लावलं की यंत्र त्या एकाच आवाजाच्या प्रती करून किंचित मागं-पुढं वाजवतं. शीर्षकातल्या समूहस्वरावर याचा परिणाम फार वाईट होतो: आवाज पिंपात गायल्यासारखा पोकळ होतो आणि ऋचांची व्यंजनं पुसली जातात. ‘स्टँडर्ड’ किंवा ‘स्टिरिओ’ ठेवा. सबवूफर दोन-तीन घरं खाली आणा. वाढवलेल्या बेसमध्ये ओम पुरींचं निवेदन घुमतं आणि शब्द कळत नाहीत. ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ही बंद, कारण ते हळू जागा उचलून मोठं करतं आणि मग ऋचांआधीच्या शांततेत नुसता टेपचा ‘सूऽऽ’ ऐकू येतो. हेडफोन लावून एकाच कानात आवाज येत असेल तर फोनच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. खरं तर टीव्हीचे स्वतःचे साधे स्पीकर या मालिकेला बऱ्याच महागड्या साउंडबारपेक्षा जास्त मानवतात.

क्रम पाळायचाच असेल तर पहिल्यापासून, आठवड्याला दोन भाग. ५३ भागांना सहा महिने पुरतात आणि मेंदूही थकत नाही. एवढा दम नसेल तर पहिला भाग रीत कळण्यासाठी, मग महाभारत, चाणक्य-चंद्रगुप्त, अशोक, औरंगजेब, शिवाजी महाराज आणि फुले. महाराजांपर्यंत प्रत्येकाचे दोन-दोन, फुल्यांचा एक, असे सगळे मिळून बारा भाग होतात. शाळेतल्या मुलांबरोबर बघणार असाल तर तीजनबाईंपासून सुरुवात करा, आणि आवाज लावण्याआधी ‘सत्’ आणि ‘असत्’ म्हणजे काय एवढं मात्र सांगून ठेवा. मुलं पहिला प्रश्न शीर्षकाबद्दलच विचारतात.